हेरंब भावजींच्या बांगड्या

त्या संकष्टीला हेरंब भावजींनी गच्चीवरून हाक दिली, "वैनी, चंद्र आला," आणि सासूबाईंनी पानावर बसून पहिला घास घेतला. तेवढ्यात शेजारीण कशाला तरी आत डोकावली. म्हणाली, अहो, चंद्राला अजून तासभर आहे, तुम्ही जेवताय कशा? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. खरंच तासभर होता.

सासूबाई तशाच उठल्या, मोरीत जाऊन चूळ भरली आणि भिंतीला टेकून रडायला लागल्या. भावजी जन्मल्यापासून त्यांनी ही संकष्टी धरलेली. चंद्र बघितल्याशिवाय पाण्याखेरीज काही नाही, आणि चंद्र बघायचा तो हेरंबनंच. कॅलेंडरवर वेळ छापलेली असते, ढग असले तर लोक त्या वेळेवर जेवून मोकळे होतात, पण आमच्याकडे ते चालायचं नाही. भावजी गच्चीवर जाणार, वरून ओरडणार, मग पान वाढायचं. त्यांच्या हाकेवर आमच्या आळीतली आणखी दोन-चार घरं जेवायची.

हेरंब भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. छत्तीस वर्षांचे, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. बारके तिरपे डोळे, आखूड मान, जड जीभ. डॉक्टर त्याला डाउन सिंड्रोम म्हणत, गावातले लोक देवाचं माणूस म्हणत, आणि देवाच्या माणसाची आंघोळ, जेवण, कपडे, हट्ट हे सगळं एकोणीस वर्षं मी बघत होते. तासगावात आमचं बांगड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. आम्ही जातीचे कासार, त्यामुळं सून म्हणून आले तेव्हाच मला माहीत होतं की दिवसभर काच आणि बायका यांच्यात जन्म जायचा. दिराचं मात्र लग्न ठरवताना कुणी नीट सांगितलं नव्हतं. जरासा साधा आहे, एवढंच म्हणाले होते.

हे, म्हणजे माझे मिस्टर, दुकान बंद करून आत आले. आई रडतेय बघून त्यांनी काय झालं विचारलं, आणि कळल्यावर जिन्याकडे बघून म्हणाले, "झालं. आता कुणी मध्ये बोलू नका. सोमवारी गाडी सांगितलीय, सोमवारी जायचं."

जायचं म्हणजे भावजींना संस्थेत ठेवायला. मिरजेच्या पुढं अशा माणसांसाठी एक वसतिगृह होतं, तिथं एक जागा रिकामी झाली होती. सोमवारी न्या, नाहीतर दुसऱ्याला देऊ, असा निरोप आला होता. ती जागा शोधा म्हणून यांच्यामागं लागले होते ती मीच. उगीच दुसऱ्याच्या अंगावर ढकलत नाही, आणि त्याची मला तेव्हाही लाज नव्हती, आजही नाही. मी दमले होते. ते वर्षच तसं होतं. भावजी चहा कपाच्या बाजूला ओतायचे. उंबऱ्याला अडखळायचे. जो माणूस बांगड्यांचे डझन लावून दोऱ्यात ओवून द्यायचा, त्यानं एका दुपारी आख्खी मांडणी खाली घेतली आणि काचांच्या मधोमध उभं राहून माझ्यावरच ओरडला. संध्याकाळ झाली की दारातून हलायचे नाहीत. ओळखीच्या बायकांना ओळख देईनात. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की असल्या मुलांना चाळिशी जवळ आली की विसरायला होतं, म्हाताऱ्यांसारखं, आणि हे आता वाढत जाणार. ते ऐकून मी हबकले. आधीच जेवढं होतं तेवढ्यानंच पाठ मोडली होती.

आणि सतत ते डोळे चोळणं. दोन्ही मुठी डोळ्यांत घालून गरागरा फिरवायचे, भाकरीचं पीठ मळावं तसे. सासूबाई म्हणायच्या, काचेची कच गेली असेल. बांगड्यांच्या घरात डोळे लाल व्हायला दुसरं कारण कुणी शोधत नाही. आम्ही सगळेच डोळ्यांवर पाणी मारणारी माणसं. त्या गुलाबपाणी घालायच्या, पदरानं पुसायच्या, भावजी पुन्हा चोळायचे.

तर त्या संध्याकाळी भावजींना खाली आणायला मी गच्चीवर गेले. रागात गेले होते. कठड्याला धरून ते उभे, तोंडभर हसत. त्यांना वाटलं, शाबासकी मिळणार. कुठाय तुमचा चंद्र, म्हटलं. त्यांनी बोट केलं ते पलीकडच्या मंगल कार्यालयाकडे. तिथं त्याच आठवड्यात गच्चीवर नवा पांढरा गोल दिवा लावला होता. मला खाली जाऊन ओरडणं, समजावणं, पुन्हा पान वाढणं, यातलं काहीच करवेना. पाय भरून आले होते. मी तिथंच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. दमलेलं माणूस बसलं की बसतं, म्हणून पुढचं मला दिसलं. नाहीतर दिसलं नसतं.

तासाभरानं खरा चंद्र वर आला. मी म्हटलं, भावजी, आता तो बघा, तो खरा. त्यांनी मान वाकडी केली, डोळे बारीक केले, मग एक डोळा मुठीनं चोळला.

"लई चंद्र," म्हणाले.

किती, म्हणून विचारलं. बोटं मोजायला मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी पंजा पसरून माझ्यापुढं धरला आणि बोटं हलवली, सगळी. आणि दिवा? दिव्याकडे बघून पुन्हा पंजाच. मग मी माझा हात त्यांच्या उजव्या डोळ्यावर धरला. चंद्र तरीही लई. डाव्यावर धरला, तर ते घाबरून माझा हात ओढायला लागले. "चंद्र गेला. वैनी, चंद्र गेला," म्हणत राहिले. मी हात काढला. त्यांच्या चेहऱ्यापुढं, वीतभर अंतरावर, मी उभी होते, आणि ते माझं तोंड हातानं चाचपत होते. कितीतरी महिन्यांपासून ते असं करायचे. आम्ही म्हणायचो, लाडात आलेत.

खाली येऊन मी यांना सांगितलं की उद्या मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते. हे म्हणाले, तीन दिवसांवर जाणं आलंय, आता कशाला खटाटोप. मी म्हटलं, जायचं ते जाऊ दे, पण आंधळा माणूस संस्थेत सोडून आलो असं नको व्हायला. यावर यांनी हिशेबाची वही पुढं ओढली. सासूबाई मात्र म्हणाल्या, मीपण येते. गुडघ्यांनी जिना चढवत नव्हता, पण एस.टी.त चढल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. भावजी यंत्राच्या टेकूवर हनुवटी ठेवेनात, तेव्हा त्यांनी आधी माझी ठेवून दाखवली, मग सासूबाईंची, आणि मग भावजी आपणहून बसले. पडद्यावर डोळ्याचा रंगीत नकाशा उमटला, मधोमध लालभडक. बाईंनी समजावलं की बुबुळावर पुढं जी काचेसारखी पारदर्शक पापुद्र्याची कमान असते, ती यांची पातळ होत गेली आहे आणि मधे टोकासारखी पुढं आली आहे. टोकातून उजेड नीट आत जात नाही, फुटतो, म्हणून एकाचे पाच दिसतात. नाव केराटोकोनस. उजवा डोळा फार पुढं गेलेला, डाव्यात अजून जीव आहे. मग त्या एकेक विचारायला लागल्या.

डोळे चोळतात का? म्हटलं, दुसरा उद्योगच नाही. खाज सुटते का, शिंका, अंगावर चट्टे? दर हिवाळ्यात. दमा? लहानपणी होता, सासूबाई म्हणाल्या. झोपतात कसे, घोरतात का? पालथे झोपतात, उशीत तोंड खुपसून, आणि घोरणं आळीभर ऐकू जातं. सांधे सैल आहेत का? मी भावजींचा अंगठा मागं वाकवून मनगटाला लावून दाखवला, हा त्यांचा पाहुण्यांपुढचा खेळच होता. घरात आणखी कुणाला असा डोळ्याचा त्रास? सासूबाईंच्या भावाला होता म्हणे, चष्मे बदलून बदलून शेवटी त्यानं नादच सोडला. आईवडील नात्यातले आहेत का?

सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, आत्याच्या मुलाला दिली होती मला. आमच्यात देतात.

बाई लिहून घेत होत्या. एवढ्या हो-हो नंतर सासूबाईंचा चेहरा कोर्टात उभ्या असलेल्या माणसासारखा झाला होता. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि जे मी एकोणीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं ते त्या परक्या पोरीला सांगितलं.

"ते नव्हं बाई. ऐंशी सालचं मोठं गिराण होतं, हा पोटात होता. सगळे म्हणाले आत बस, हलू नको. मी बसले नाही. दुकानात हिरव्या बांगड्यांची पेटी उघडी राहिली होती, ती झाकायला गेले आणि हातातनं सुटली. सगळी काच. गिराणात काच फुटली माझ्या हातनं. हा असा जन्मला, तवापासनं मी संकष्टी धरलीया. ह्यालाच चंद्र बघायला लावते, म्हटलं देव बघंल कधीतरी ह्याच्याकडं."

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, आजी, काच फुटल्यानं काही होत नाही. जन्मापासून जे आहे ते त्यांच्या शरीराच्या घडणीत आहे, आणि अशा माणसांमध्ये डोळ्याचा हा आजार इतरांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो. वर खाज, दमा, घराण्यात असणं, नात्यातलं लग्न, असं एकेक जमत जातं, पण त्यातल्या कशानं किती झालं हे कुणीच सांगू शकत नाही. "तुम्ही काही केलेलं नाही," असं त्या सरळ म्हणाल्या. सासूबाईंनी ते ऐकलं की नाही देव जाणे, त्या भावजींच्या मनगटावरून हात फिरवत होत्या.

मग बाई माझ्याकडे वळल्या. या सगळ्यात आपल्याला थांबवता येईल अशी मुख्य गोष्ट एकच, चोळणं. खाजेचे थेंब देते, चष्मा देते, थोडा फरक पडेल. दोन-तीन महिन्यांनी भूल देऊन डाव्या डोळ्यावर किरणांची एक क्रिया करू, म्हणजे तो आहे तिथं थांबेल. उजव्याला पुढं बुबुळ बदलावं लागेल. "पण चोळणं थांबलं नाही तर केलेलं सगळं वाया. जागेपणी हात धरता येतो. झोपेत जास्त चोळतात. कुणीतरी उठून हात बाजूला करायला हवा. रोज. दुपारी, रात्री, जेव्हा झोपतील तेव्हा."

विसरण्याचं काय, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, तेही असू शकतं, तो माझा विषय नाही, पण ज्याला दिसतच नाही तो काय विसरला हे आत्ता कसं ठरवणार.

येताना एस.टी.त भावजी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. मुठी डोळ्यांकडे जायच्या, मी खाली ओढायची. तासगाव येईपर्यंत किती वेळा ओढल्या काय सांगू. मला आनंद व्हायला हवा होता. माणूस हातचा जात नव्हता, नुसता दिसेनासं झाल्यामुळं चिडत होता. पण मला आनंद झाला नाही. एक नवं काम वाढलं, एवढंच मनात आलं, आणि तेही रात्रीचं.

रविवारी यांना सगळं सांगितलं. यांचं म्हणणं, संस्थेत सांगू, ते थेंब घालतील. मी तिथं फोन लावला. तिथल्या बाई भल्या होत्या, खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, थेंब घालू, चष्मा सांभाळू, डॉक्टरकडेही नेऊ, पण रात्री आख्ख्या मजल्याला दोन मावश्या असतात, एकेकाच्या उशाशी बसून हात कोण धरणार? मी फोन ठेवला आणि यांना तसंच सांगितलं. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ते बघणं मला ओळखीचं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात अडलं की सगळे असेच माझ्याकडे बघायचे.

"माझ्याकडे बघू नका," मी म्हटलं. "मी उठणार नाही. दिवसाचं मी केलं, करतेय. झोप माझी आहे. ती मी कुणाला देणार नाही."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, मी उठीन. आम्ही दोघांनीही त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. हे उठून दुकानात गेले. मी भावजींची पेटी भरली. चार शर्ट, लेंगे, त्यांचं आवडतं शिट्टीचं खेळणं, नवे थेंब. पेटी भरताना रडू आलं, तशीच भरली. दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि मी दगड नव्हते.

सोमवारी सकाळी जीप दाराशी आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पेटी ओसरीवर, सासूबाई देवापुढं बसलेल्या, भावजी नवा शर्ट घालून गाडीत बसायच्या आनंदात. नवा चष्मा अजून आला नव्हता, मुठी डोळ्यांतच. दुकानातून यांनी हाक मारली, "हेरंब, इकडं ये."

मला वाटलं, निरोपाचं काही असेल. मी मागून गेले. हे गादीवर बसले होते, गिऱ्हाइकाला बसवतात तसं भावजींना समोर पाटावर बसवलं होतं, आणि त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला होता. पहिल्यांदा यांनी हिरव्या काचेच्या काढल्या, बघितल्या, परत ठेवल्या. काच डोळ्याजवळ नको. मग वरच्या फळीवरून पितळी बांगड्यांचा डबा काढला. देवीला वाहायला लोक नेतात त्या, जाडसर, एकमेकींवर आपटल्या की घरभर वाजणाऱ्या. भावजींचे हात मऊ, सांधे सैल, बोटं आवळून धरली की पंजा अगदी एवढासा होतो. एकेक बांगडी सरकन गेली. यांचा हात धंद्यात फार चांगला होता. तासगावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, दत्तूनं भरली की कळतसुद्धा नाही. पण सख्ख्या भावाचा हात यांनी असा हातात घेतलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

ड्रायव्हर दुकानाच्या पायरीवर आला होता. तो हसला. म्हणाला, "काय दत्ताशेठ, गडी माणसाला बांगड्या भरताय?"

आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. कासाराच्या दुकानात तर पुरुषांना ही थट्टा लहानपणापासून ऐकावी लागते, आणि यावरून हे एकदा चांगले मारामारीवर आले होते, हे मला ठाऊक होतं. यांनी मान वर केली नाही. दुसरा हात घेतला.

"धंदाच आहे आमचा," म्हणाले.

दोन्ही हात झाले. आमच्या दुकानाची एक रीत आहे, सवाष्णीला भरून झाल्यावर एक बांगडी वरची घालायची, तिचा मोबदला घ्यायचा नाही. यांनी तीही घातली. मग भावजींच्या दोन्ही मुठी धरून त्यांच्याच डोळ्यांपर्यंत नेल्या. बांगड्या खणखणल्या. भावजी दचकले, हात खाली आला, बांगड्यांकडे बघून हसले, पुन्हा नेला, पुन्हा खणखणाट. यांनी तेवढ्यात माझ्याकडे बघितलं.

"वाजल्या की मी उठेन," म्हणाले. "तू नाही."

ड्रायव्हरला गाडी परत न्यायला सांगितली. संस्थेत फोन मी केला. त्या बाई म्हणाल्या, बरं झालं, आणि जागा दुसऱ्याला दिली. सासूबाईंनी पेटी उघडून शर्ट पुन्हा खुंटीला लावले.

पुढचं काय झालं हे लोक विचारतात, ते सांगून टाकते. डाव्या डोळ्याची क्रिया झाली, तो थांबला. उजव्याला बुबुळ बसवलं, त्याचे हाल निराळे. भावजी पुन्हा डझन ओवायला लागले, सावकाश. चंद्र एकच दिसतो असं ते कधीच म्हणाले नाहीत, दोन म्हणायचे. सासूबाई असेतो दोन चंद्रांवर उपास सोडत गेल्या. ग्रहणाचं पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही. गावानं चार महिने बांगड्यांवरून थट्टा केली आणि मग गावाला दुसरं काहीतरी सापडलं.

पण मला आठवते ती त्या सोमवारचीच दुपार. दुकान बंद करून जेवायचं आणि मग तासभर आडवं व्हायचं, हा यांचा नेम. बाहेर आग लागली तरी हे त्या वेळात उठायचे नाहीत. एकोणीस वर्षांत दुपारी दार वाजलं, दूध उतू गेलं, भावजी पडले, तरी उठले ते मीच. त्या दिवशी आम्ही तिघं माजघरात आडवे झालो होतो. यांचं घोरणं लागलं. थोड्या वेळानं पलीकडून बांगड्या वाजल्या.

मी डोळे मिटून पडून राहिले. माझा एक पाय आपोआप चटईवरून खाली आला होता, तो मी परत वर घेतला. बांगड्या पुन्हा वाजल्या, जोरात. घोरणं चालूच होतं. मनात म्हटलं, झालं, बोलणं आणि करणं.

मग घोरणं थांबलं. कण्हत, गुडघ्यावर हात टेकून हे उठले. चार पावलं गेले. बांगड्यांचा आवाज हलकेच थांबला, आणि यांचं "अरे हेरंबा, नको रे राजा," हे झोपेतलं पुटपुटणं ऐकू आलं.

मी कूस वळले, आणि दिवेलागणीपर्यंत झोपले.